कर्जाला वसुलीवाला आहे, बचतीला कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खेड्यातल्या लोकांच्या पैशाच्या सवयींवर लेख आला होता तो वाचला, दोनदा वाचला, आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. लेखाचा सूर असा की आपल्या लोकांना हिशोबच कळत नाही, ठेवीवर साडेसात टक्के घेतात आणि त्याच वेळी बारा टक्क्यांनी कर्ज काढतात, भिशीत पैसे घालतात जिथं एक पैसा व्याज नाही, सोनं घेऊन कपाटात ठेवतात, तर यावर उपाय काय, गावोगाव आर्थिक साक्षरतेची शिबिरं घ्या. मी वाळवा तालुक्यात एका पतसंस्थेत २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरला, आता रिटायर आहे. शिबिरं आम्हीपण घेतली, वडा-चहा देऊन घेतली. लोक यायचे, मान डोलवायचे, आणि सोमवारी काउंटरला येऊन जे आधी करत होते तेच करायचे. तेव्हा मलापण वाटायचं की यांना कळत नाही. आता वाटतं की कळत आम्हाला नव्हतं.

आमचे एक खातेदार होते, नाना म्हणू. मुलीच्या लग्नासाठी ८० हजाराची एफडी, साडेसात टक्के. विहिरीवरची मोटर जळली, ३० हजार पाहिजेत. तर बायकोचं गंठण घेऊन आले, सोनेतारण करायला, १२ टक्क्यांनी. मी म्हटलं नाना तुमची एफडी आहे की, मोडा थोडी, नाहीतर निदान ठेवतारण घ्या, म्हणजे एफडीवरच कर्ज, स्वस्त पडेल, आणि कागदावर आकडा मांडून दाखवला, वर्षाला १३५० रुपये फुकट जातायत तुमचे. नानांनी कागद बघितला, हिशोब बरोबर आहे म्हणाले, आणि गंठण माझ्यासमोर सरकवलं. "मॅडम, ते पैसं पोरीचं हायत. त्याला हात लावायचा न्हाई." मी आणखी थोडं ताणलं तेव्हा जे बोलले ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, "सोनं तारण ठेवलं की तुमचा मानूस दर म्हयन्याला दारात येतोय, सोडवून घ्यावंच लागतंय. एफडी मोडली तर ती परत भर म्हणून कोण येणार हाय दारात?"

आता सांगा, या माणसाला हिशोब कळत नाही का? त्याला व्याजाचा हिशोब कळतो आणि वर स्वतःच्या स्वभावाचाही कळतो. १३५० रुपये ही त्यानं स्वतःला बांधून घेतल्याची फी भरली. मी २६ वर्षं पहिलाच हिशोब शिकवत बसले.

माझी मुलगी पुण्यात इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. करते, तिला हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली आई हे आमच्या सिलॅबसमध्ये आहे. रिचर्ड थेलर म्हणून शिकागोचे प्रोफेसर आहेत, त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी याला मनातली खाती म्हटलंय. पुस्तकातला माणूस सगळे रुपये सारखेच धरतो, खरा माणूस प्रत्येक रुपयाला नाव देतो, हा पोरीचा, हा खताचा, हा लाईट बिलाचा, आणि एका नावाचा रुपया दुसऱ्या नावावर सहसा जात नाही. (आमच्या आईच्या मसाल्याच्या कपाटात चार डबे होते, वरून डाळ नाहीतर रवा, खाली पुडीत पैसे, आणि रव्याच्या डब्यातले पैसे घरपट्टीला कधीच निघाले नाहीत, मग घरपट्टी थकली तरी चालेल.) हेच थेलर विद्यार्थी असताना घरी पार्टी होती, जेवणाआधी काजूचा बाऊल ठेवलेला, सगळे बकाबका खायला लागले तसा त्यांनी बाऊल उचलून आत नेऊन ठेवला, आणि पाहुण्यांनी चक्क थँक्यू म्हटलं. पाहुणे सगळे इकॉनॉमिक्सवाले, मग त्यांच्यात चर्चा सुरू की आपल्याला आनंद का झाला, समोरची वस्तू कमी झाल्यावर माणूस खूश कसा होईल. आमच्याकडे कुठल्याही घरात दिवाळीच्या चिवड्याचा डबा वरच्या फळीवर का जातो हे विचारलं असतं तर एवढी चर्चा लागली नसती, पण असो, त्यांनी त्यातनं शास्त्र उभं केलं आणि आपण डबाच वर ठेवत बसलो.

भिशीचंही तेच. आमच्या गल्लीत आम्ही बाराजणी, महिना हजार, चिठ्ठी काढायची. ज्याला पहिली चिठ्ठी लागली त्याला बिनव्याजी कर्जच झालं की ते, आणि शेवटच्याला वर्षभर बिनव्याजी पैसे अडकवायला लागले, म्हणजे हिशोबानं सगळ्यांनी पहिल्या नंबरासाठी भांडायला पाहिजे. आमच्यात दोघी-तिघी दरवर्षी म्हणायच्या की मला शेवटी द्या. का, तर जूनमध्ये हातात आले की पोरांच्या वह्या-पुस्तकांत जातील, नणंदेच्या बाळंतपणात जातील, आणि मालकांना कळलं तर गाडीच्या टायरमध्ये जातील. मुलगी म्हणाली, केनियात नैरोबीच्या किबेरा वस्तीत यावर अभ्यास झालाय, तिथल्या बायकापण अशाच भिशीत जातात आणि एक मोठं कारण हेच निघालं की नवऱ्यापासून पैसा लांब राहावा. मला हसूच आलं, कुठं किबेरा आणि कुठं आमची गल्ली.

नोटबंदीचा आठवडा मी कधी विसरणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार रात्री घोषणा झाली. पतसंस्थेत नोटा बदलून मिळणारच नव्हत्या, तरी बायका यायला लागल्या, त्या पण कशा, पुरुषांची गर्दी ओसरल्यावर, पदराखाली पिशवी धरून. कुणाचे चार हजार, कुणाचे अकरा, एका मावशींचे ४२ हजार, सगळ्या हजार-पाचशेच्या, काही नोटांना हळदीचा वास. प्रश्न एकच, "ह्यांना न कळता काय करता येईल का?" त्यातल्या काही बायकांच्या घरात सोसायटीचं कर्ज चालू होतं, मला माहीत होतं, वहीच माझ्याकडे. कर्जावर व्याज चढतंय आणि डब्यात बिनव्याजी ४२ हजार. शिबिरवाल्या साहेबांनी याला अडाणीपणाच म्हटलं असतं. मावशींनी ते घरच्या कर्जाला दिले असते तर पुढच्या वर्षी कर्ज परत तेवढंच झालं असतं आणि डबा रिकामा राहिला असता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

आता पिग्मी. हे मला जास्त सांगायचंय कारण आमचं अर्ध पोट त्याच्यावर होतं. पिग्मीची सुरुवात १९२८ ची, तिकडे उडुपीला, जी पुढे सिंडिकेट बँक झाली तिथं टी. एम. ए. पै यांनी एजंट लोकांच्या दारात पाठवून रोज दोन-दोन आणे गोळा करायला लावले. आपल्याकडे आजही चालतं, एजंट मशीन घेऊन येतो, ५० रुपये घ्या, १०० घ्या, टरटर पावती फाडली, पुढच्या दुकानात. यावर व्याज नावालाच, आमच्याकडे सहा महिन्यांच्या आत बंद केली तर शून्य आणि वर कमिशन कापून घ्यायचो. म्हणजे माणूस स्वतःचे पैसे ठेवायला पैसे मोजतो. नव्या मॅनेजर साहेबांनी एकदा बाजारातल्या भाजीवाल्या काकूंना सांगितलं की मोबाईलवरून डायरेक्ट आरडी करा, व्याज जास्त मिळेल. काकूंनी केली. तीन हप्ते भरले आणि चौथा राहिला, मग पाचवाही राहिला, आणि एक दिवस येऊन म्हणाल्या, "मला ते नको, माझा पोरगा दे." पोरगा म्हणजे पिग्मी एजंट. तो संध्याकाळी सहाला गाड्यासमोर येऊन उभा राहिला की शेजारची देते, पलीकडची देते, मग आपण नाही म्हणायला लाज वाटते. नाना म्हणाले होते तसा तो दारात येणारा माणूस आहे, फक्त हा स्वतःच्याच बचतीची वसुली करायला येतो.

आणि कॅश काउंटरला बसलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते ती म्हणजे नोट हातातनं सुटताना. म्हातारी माणसं पैसे भरायला आली की तीनदा मोजणार, कोऱ्या नोटा बाजूला काढून पुन्हा खिशात आणि मळक्या आमच्याकडे, आणि शेवटची नोट देताना बोटं एक सेकंद जास्त धरून ठेवणार, मी ओढायची आणि ते सोडायचे नाहीत, कितीदा झालंय असं. फोननं स्कॅन करताना कुणाची बोटं अडली असं मी बघितलेलं नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये दोघा प्राध्यापकांनी बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव केला, २००१ साली त्यांनी ते छापलं, काहींना सांगितलं रोख द्यायचेत, काहींना सांगितलं क्रेडिट कार्डानं, तर कार्डवाल्यांनी जवळपास दुप्पट बोली लावली. तिकीट तेच हं. मी यूपीआयच्या विरोधात नाही, मीच भाजीसुद्धा स्कॅन करून आणते, पण महिनाअखेरीला पैसे कुठं गेले हा प्रश्न आमच्या घरात आधी इतका नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की, इस्राएलचे. त्यांनी १९७९ साली लिहिलं की माणूस नफा आणि तोटा एकाच काट्यावर तोलत नाही, शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं, पुढे मोजलं तेव्हा ते साधारण दुप्पट निघालं. मी हे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांवर करून बघितलं, म्हटलं छापा-काटा करू, काटा पडला तर तुम्ही शंभर द्यायचे, छापा पडला तर मी किती द्यावे म्हणजे खेळाल? दोनशे, अडीचशे, एकजण म्हणाली मी खेळतच नाही. कानमनना २००२ चं नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं, ट्वर्स्की १९९६ लाच गेले होते. पण त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग लोक विसरतात आणि तोच आज जास्त नडतोय. एकदा का माणूस तोट्यात गेला की तोच घाबरट माणूस जुगारी होतो. समोर पक्का तोटा दिसला की तो पचवण्यापेक्षा माणूस मोठी उडी मारतो, काय सांगावं निघेल भरून.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे, पगार ३२ हजार. शेअर बाजारात ऑप्शन करतो, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावतो. आधी २० हजार गेले, मग ते काढायला मित्राकडून ५० आणले, मग पर्सनल लोन, आता सगळं मिळून पावणेचार लाख. मी विचारलं बंद का करत नाहीस, तर म्हणाला, "मावशी, रिकव्हर झालं की बंद." त्याच्याकडे शेअर पण होते, त्यातले चढलेले विकून टाकले आणि पडलेले धरून बसलाय, का तर विकला नाही तोवर तोटा नाही. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की वाटतं कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवतात की काय. टेरन्स ओडीन नावाच्या अभ्यासकानं १९९८ साली अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १० हजार खाती तपासली होती, तिथंही हेच, चढलेला विकायचा आणि पडलेला कवटाळायचा, आणि सरासरीनं जे विकले ते पुढे जास्त चालले, जे ठेवले ते कमी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्याहून मी हलले ती पुढचं वाक्य वाचून, लागोपाठ दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तरीही खेळतच राहिले. माझा भाचा बी.ई. आहे. त्याला टक्केवारी येत नाही असं म्हणणार का आपण? आणि त्याच्या फोनमधलं ते अ‍ॅप दर दोन तासांनी टुंग करून त्याच्या दारात येतं, हेही बघा. आमच्या पिग्मीच्या पोराचीच युक्ती, दिशा उलटी.

(आमच्याच भागात २०१९ ला कडकनाथ कोंबड्यांच्या गुंतवणुकीत फसवणुकीचं प्रकरण झालं, शिकलेले, नोकरीवाले, मास्तर लोक सगळे त्यात होते, माझ्या दिरांचेपण गेले. तिथं शेजाऱ्याला पहिला हप्ता मिळालेला बघितला की संपलं. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

आता मुद्द्यावर येते. आमचा भाग उसाचा. उसाचं बिल वर्षातनं एकदा, फार तर हप्त्या-हप्त्यानं. कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) जमा व्हायला पाहिजे, कधी होते ते शेतकऱ्यालाच विचारा. तामिळनाडूत विल्लुपुरमच्या बाजूला ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. त्याच माणसाची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, तोडीच्या आधी हातात पैसा नसताना आणि तोडीनंतर पैसा आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेच, पण आधीच्या चाचणीत ठळक मागे. ज्यांनी हे केलं ते म्हणतात की पैशाच्या चणचणीनं डोक्याला जो ताण बसतो तो रात्रभर झोप नसल्यासारखा. यावर नंतर वादही झाले, शास्त्रात होतातच, पण मला विचाराल तर ऑगस्ट-सप्टेंबरात काउंटरला येणारा माणूस आणि फेब्रुवारीत येणारा माणूस एकच नसतो. ऑगस्टमध्ये तो फॉर्मवर सही चुकीच्या जागी करतो, पासबुक विसरतो, तीन-तीन वेळा तेच विचारतो. आणि आम्ही शिबिरं कधी घ्यायचो? गणपतीच्या आधी, कारण तेव्हा शेतकरी मोकळा असतो म्हणून!

केनियात दुसरा एक प्रयोग झाला, त्यात एस्थर डुफ्लो होत्या, ज्यांना २०१९ ला नोबेल मिळालं अभिजित बॅनर्जींबरोबर (बॅनर्जींच्या आई आपल्या मराठी, माहेरच्या पाटणकर, हे जाता जाता). तिथले शेतकरी म्हणायचे खत घालायचंय पण पेरणीपर्यंत पैसे उरत नाहीत. मग त्यांनी काय केलं, पीक विकून हातात पैसे असतानाच दारात माणूस पाठवला की आत्ता पैसे भरा, खत घरपोच फुकट आणून देऊ. एवढंच. खत वापरणारे चांगले वाढले, तेवढाच फरक पेरणीच्या वेळी पाडायचा तर खत निम्म्या किमतीत द्यायला लागलं असतं. शिबिर नाही, वडा नाही. वेळ बदलली.

तर आमच्याकडे हे करायला यंत्रणा आहेच. कारखाना उसाच्या बिलातनं सोसायटीच्या कर्जाची कपात करतो, पैसे शेतकऱ्याच्या हातात पडायच्या आधीच कर्ज वळतं होतं, पिढ्यान् पिढ्या चालू आहे. म्हणजे कर्जाला वसुलीवाला कारखान्यातच बसवलाय. माझं म्हणणं एवढंच की तसाच एक रकाना शेतकऱ्याच्या स्वतःच्या बचतीचा करा. ज्याला पाहिजे त्यानं टनाला ५० रुपये की १०० रुपये तो आकडा लिहावा, तेवढी रक्कम त्याच्याच नावच्या खात्यात जावी आणि ते खातं जूनमध्ये उघडावं, खताच्या नाहीतर शाळेच्या फीच्या वेळी. आता हे वाचून शेतकरी अंगावर येतील हे मला माहीत आहे, कारण परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी म्हणून टनामागे कापलेले पैसे त्यांनी बघितलेत आणि बिनपरतीच्या म्हणजे काय तेही बघितलंय. म्हणून पैसा कारखान्याकडे एक दिवसही राहता कामा नये, बँकेत नाहीतर पोस्टात शेतकऱ्याच्या नावावर, आणि नको वाटलं तर रकाना कोरा सोडायची मोकळीक पाहिजे.

लोक सही करतील का, हा प्रश्न येणारच. थेलर आणि त्यांचे सहकारी बेनार्त्झी यांनी अमेरिकेत एका कंपनीत विचारलं की आत्ता पगारातनं काही कापत नाही, पुढे पगारवाढ होईल तेव्हा वाढीतला थोडा हिस्सा बचतीला टाकू का, आज फक्त हो म्हणा. चाळीस महिन्यांत त्या लोकांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. आजच्या पैशाला हात लागत नाही म्हटल्यावर माणूस हो म्हणतो.

म्हणून हा फॉर्म बिल जमा झाल्याच्या दिवशी देऊ नका, त्या दिवशी गावात मोटरसायकलवाले आणि सोनार दोघंही टपलेले असतात, कोण सही करणार. ऊस नोंदणीच्या वेळीच द्या, हातात पैसाच नसतो तेव्हा. नोंदणीच्या अर्जाला खाली एक ओळ वाढवली तरी पुरे, वेगळा कागदपण नको. ती ओळ कशी असावी ते मी लिहून ठेवलंय, कुणा कारखान्याला किंवा सोसायटीला पाहिजे असेल तर आपल्या कार्यालयातर्फे जरूर कळवावं, मी येऊन समजावून सांगेन, चहाचा खर्च माझा.

आपली,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
ता. वाळवा, जि. सांगली